सी. रामचंद्र : स्विंगच्या ठेक्यावरचा मराठी सूर

गणेशोत्सवातील रात्र असो की कोजागिरीची, चार मराठी घरे एकत्र आली आणि गाण्यांना सुरुवात झाली की एक प्रसंग बहुधा घडतोच. कोणीतरी 'अलबेला'तील एखादे गाणे धरतो, बसलेल्यांच्या पायांना ठेका सापडतो, आणि एरवी गंभीर चेहऱ्याने हिशेबाच्या वह्या तपासणारे कोषाध्यक्षही भगवानदादांच्या थाटात दोन पावले टाकून घेतात. पुढे रात्र चढते, गलका ओसरतो आणि त्याच मंडळीतील एखादी गृहिणी 'अनारकली'तील भीमपलासीच्या अंगाचे गाणे हलकेच गुणगुणू लागते. सारे स्तब्ध होतात. मघाशी नाचणारे आणि आता डोळे मिटून बसलेले लोक तेच असतात. ही दोन्ही गाणी रचणारा माणूसही एकच होता, हे मात्र त्या घटकेला क्वचितच कोणाच्या ध्यानात येते.

रामचंद्र नरहर चितळकर हे त्या माणसाचे पूर्ण नाव. जगाला तो सी. रामचंद्र म्हणून परिचित झाला आणि मराठी चित्रसृष्टीत त्याला अण्णा म्हणत. त्यांच्या हयातीत त्यांच्यावर दोन परस्परविरोधी शिक्के बसले. एक पक्ष म्हणे, या गृहस्थाने परदेशी नाचगाण्याचा धांगडधिंगा आणून आपल्या संगीताची वाट लावली. दुसरा पक्ष म्हणे, सुगम संगीतातील शुद्ध भारतीय माधुर्य ऐकावे ते याच्याच रचनांत. दोन्ही पक्ष आपापल्या परीने पुरावे देत, आणि ते पुरावे खरेच असत. हे कोडे सुटते ते त्यांच्या आयुष्यक्रमाकडे पाहिल्यावर.

अण्णांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे या गावी झाला. गोदावरीच्या काठचे हे क्षेत्र चांगदेवांच्या समाधीमुळे वारकऱ्यांना ठाऊक आहे. बालपणापासून गाण्याची ओढ असलेल्या या मुलाने नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिक्षण घेतले. विनायकबुवा हे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्या परंपरेत स्वर स्वच्छ लागला पाहिजे आणि बंदिशीचा आकार गायकाच्या मनात पक्का असला पाहिजे, याविषयी तडजोड नसे. पुढे ज्यांनी रामचंद्रांना केवळ उडत्या चालींचा कारागीर ठरवले, त्यांनी हा पाया लक्षात घेतला नाही.

तथापि तरुण रामचंद्रांना गवई व्हायचे नव्हते; पडद्याचे आकर्षण होते. वाय. व्ही. राव यांच्या १९३५ सालच्या 'नागानंद' या बोलपटात त्यांना चक्क नायकाची भूमिका मिळाली. चित्रपट पडला आणि नायकपदाचे स्वप्नही त्याबरोबर संपले. मग सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत दिवस काढण्याची पाळी आली. पण याच संस्थेत त्यांना त्यांची खरी जागा सापडली. तेथील संगीत दिग्दर्शक बुंदू खाँ आणि हबीब खाँ यांच्या हाताखाली ते पेटीवाले म्हणून बसू लागले. पेटीवाल्याचे काम दिसायला दुय्यम असते. चाल बांधणारा गात असतो, गायिका ती घोटत असते, आणि पेटीवाला दोघांच्या मधे बसून प्रत्येक स्वर, प्रत्येक चूक आणि प्रत्येक दुरुस्ती कानात साठवीत असतो. चित्रपटाचे गाणे कसे घडते याचे याहून चांगले शिक्षण त्या काळी उपलब्ध नव्हते.

संगीत दिग्दर्शक म्हणून त्यांना पहिली संधी मिळाली ती दक्षिणेत, तमिळ चित्रपटांत. बंगळूरच्या वाचकांना याचे विशेष कौतुक वाटेल. दादरच्या चाळीत वाढलेले भगवान पालव, म्हणजेच आपले भगवानदादा, यांच्याशी त्यांचे मैत्र जुळले होते. या जोडीने 'जयक्कोडी' आणि १९४१ सालचा 'वनमोहिनी' हे तमिळ चित्रपट केले. तमिळ न येणाऱ्या एका मराठी तरुणाने तमिळ शब्दांना चाली लावल्या, आणि त्या चालल्या. भाषा अनोळखी असली तरी तिच्या ऱ्हस्व-दीर्घाचे वजन कानाने पकडता येते, हा धडा त्यांना या कामात मिळाला असावा. 'वनमोहिनी'ची नायिका के. तवमणीदेवी अरण्यकन्येच्या वेषात पडद्यावर आली होती. हॉलिवूडने दक्षिण समुद्रातील बेटांचे जे स्वप्न जगभर विकले होते, त्याचीच ही मद्रासी आवृत्ती होती. त्याच बेटांकडची झुळूक पुढे 'अलबेला'मध्ये पुन्हा येणार होती.

१९४२ साली भगवानदादांच्याच 'सुखी जीवन'पासून हिंदीतील वाटचाल सुरू झाली. या आरंभीच्या वर्षांत रामचंद्रांनी एका नावाने काम केले नाही. काही चित्रपटांवर राम चितळकर, काहींवर अण्णासाहेब, तर एका चित्रपटावर श्यामू असेही नाव आढळते. सी. रामचंद्र हे नाव स्थिर झाल्यानंतरही गायक म्हणून ते केवळ चितळकर राहिले. कित्येक रसिकांना वर्षानुवर्षे ही दोन माणसे वाटत. नावांचा हा खेळ गमतीचा खरा. पण गाण्यावर नाव कोणाचे लागते आणि कोणाचे लागत नाही, हा प्रश्न त्यांच्या कामाशी आणखी एका अर्थाने जोडलेला होता. त्याकडे वळण्यापूर्वी स्विंग म्हणजे काय, ते थोडक्यात पाहिले पाहिजे.

अमेरिकेत १९३५ च्या सुमारास मोठ्या वाद्यवृंदांच्या नृत्यसंगीताला स्विंग हे नाव रूढ झाले. क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन हा त्याचा एक अग्रणी. या संगीतात एका ठोक्याचे दोन भाग समान पडत नाहीत. पहिला किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि त्यातून झोपाळ्यासारखा हेलकावा उत्पन्न होतो. ट्रंपेटांचा ताफा एक वाक्य टाकतो, सॅक्सोफोनांचा ताफा त्याला उत्तर देतो. आपल्याकडे तमाशात ढोलकी आणि तुणतुण्यावर झीलकरी मुख्य गायकाला प्रत्युत्तर देतात, त्याची आठवण व्हावी.

याच स्विंगचा एक ग्रामीण अवतार टेक्सास आणि ओक्लाहोमा या गुराख्यांच्या मुलखात जन्मला. त्याला पुढे वेस्टर्न स्विंग म्हणू लागले. बॉब विल्स या फिडलवादकाने खेड्यातील नाचाच्या चाली आणि शहरी वाद्यवृंदाचा ठेका एकत्र केला. त्याच्या ताफ्यातील लिऑन मॅकऑलिफ या अवघ्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने १९३६ मध्ये 'स्टील गिटार रॅग' ही चाल ध्वनिमुद्रित केली आणि ती अजरामर झाली. तिचे मूळ सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय वादकाच्या १९२३ मधील तबकडीत होते. आणि ती ज्या वाद्यावर वाजली, त्या वाद्याची पद्धत आली होती हवाई बेटांतून. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातातील पोलादी कांब तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताने तारा छेडायच्या. आपल्या विचित्रवीणेत काचेचा गोळा जे काम करतो, तेच येथे कांब करते. पुढे या वाद्याला पायाने दाबण्याच्या पट्ट्या जोडण्यात आल्या आणि पेडल स्टील गिटार तयार झाली. म्हणजे गोऱ्या गुराख्यांचे म्हणून जे संगीत जगभर गेले, त्यात एका कृष्णवर्णीयाची चाल, प्रशांत महासागरातील बेटांचे वाद्य आणि शहरातील ताल असे तीन प्रवाह मिसळले होते. उसनवारीशिवाय उभे राहिलेले लोकप्रिय संगीत जगात शोधूनही फारसे सापडणार नाही.

हवाईयन गिटार भारतातही आली आणि रुजली, कारण तिच्यावर मींड निघते. पडद्यांमधले सूर ज्या वाद्यावर सापडत नाहीत, ते वाद्य आपल्या कानाला अपुरे वाटते. सरकत्या कांबीने ती उणीव भरून काढली. व्हॅन शिप्ले यांच्यासारख्या वादकांनी विजेच्या गिटारीवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोहोचल्या. शब्द नसलेली ती गाणी ऐकताना श्रोता मनातल्या मनात शब्द भरीत असे.

मुंबईत स्विंग आला तो प्रथम ताजमहाल हॉटेलात. १९३५ पासून लिऑन ॲबी आणि त्यानंतर अन्य आफ्रिकी-अमेरिकी वादक तेथे वाजवू लागले, आणि त्यांच्या शेजारी बसून ही विद्या उचलली ती गोमंतकीय तरुणांनी. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. ही मुले पोटासाठी मुंबईला येत, रात्री हॉटेलांत नृत्यसंगीत वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. आल्दोना गावचे अँटोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकीच एक. ट्रंपेटवरील त्यांचे प्रभुत्व आणि लुई आर्मस्ट्राँगच्या शैलीचा प्रभाव यांमुळे ते चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध झाले. सी. रामचंद्रांना स्विंगच्या या वाटेवर जो सहकारी हवा होता तो त्यांच्या रूपाने मिळाला.

या दोन प्रकारच्या कलावंतांमध्ये काम कसे चाले, हे समजून घेण्यासारखे आहे. भारतीय संगीत दिग्दर्शक चाल गाऊन दाखवी. त्याच्यापाशी राग, ठेका आणि शब्दांचे वजन असे. गोमंतकीय अरेंजर ती चाल पाच रेघांवर उतरवून घेई आणि प्रत्येक वाद्यासाठी वेगळा कागद तयार करी. आपल्या संगीतात एका वेळी एकच स्वररेषा चालते. स्विंगमध्ये मुख्य रेषेच्या खाली-वर इतर स्वर एकाच वेळी उभे राहतात. हे स्वर चालीला पोषक ठरतील की तिचा गळा दाबतील, हे ठरवणे अत्यंत नाजूक काम होते. मुखड्यापूर्वीचा वाद्यमेळ, दोन कडव्यांमधली जागा, ट्रंपेटने कोठे बोलायचे आणि कोठे गप्प बसायचे, हे सारे तेथे ठरे. मूळ चाल दिग्दर्शकाची असे, हे खरे. परंतु श्रोत्यांच्या स्मरणात जे गाणे राहते, त्यात त्या कागदांचा वाटा मोठा असतो.

१९४७ साली फिल्मिस्तानच्या 'शहनाई' या चित्रपटाने रामचंद्रांचे नाव देशभर नेले. पी. एल. संतोषी यांचे दिग्दर्शन आणि त्यांचीच गीते. रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणाऱ्या त्यातील गाण्यात रामचंद्रांनी गिटार, माउथ ऑर्गन आणि शीळ यांचा मेळ घातला होता. बेनी गुडमनच्या तबकड्या त्यांनी मन लावून ऐकल्या होत्या, हे त्या गाण्यात स्पष्ट जाणवते. परंतु गाणे ठसक्यात म्हटले आहे ते देशी नोकझोकीच्या ढंगाने. त्यात सवाल-जवाब आहे, लटका राग आहे, आणि मराठी माणसाला ओळखीचा वाटणारा तमाशातील सोंगाड्याचा मिस्किलपणाही आहे. चितळकर हा गायकही तेथे लोकांना भेटला. 'पतंगा' या १९४९ सालच्या चित्रपटातील रंगूनहून येणाऱ्या टेलिफोनच्या गाण्यात शमशाद बेगम यांच्या जोडीला तोच आवाज होता.

अशी गाणी ध्वनिमुद्रित होत तेव्हाची परिस्थिती आजच्या पिढीला कल्पनेनेच जाणावी लागेल. गायक आणि सारा वाद्यवृंद एकाच दालनात, एकाच वेळी वाजवीत. वेगवेगळे आवाज निरनिराळे मुद्रित करून नंतर जोडण्याची सोय नव्हती. ट्रंपेटचा आवाज गायिकेच्या आवाजावर चढू नये म्हणून वादकाला माइकपासून दूर उभे करावे लागे. कोण किती अंतरावर उभा राहील यावर गाण्याचा तोल अवलंबून असे. शेवटच्या कडव्यात एका व्हायोलिनवाल्याची गफलत झाली तरी संपूर्ण गाणे पुन्हा पहिल्यापासून. त्यातून तबकडीची मर्यादा : मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. तेवढ्यात मुखडा, कडवी आणि वाद्यांचे तुकडे सारे बसवायचे. रामचंद्रांच्या चालींतील आटोपशीरपणाला या मर्यादेनेही शिस्त लावली असणार.

आणि तबकडीवरील नावे? संगीत दिग्दर्शकाचे नाव लागे. गायकांचे नाव लागेलच याची त्या काळी खात्री नसे. 'महल' या १९४९ सालच्या चित्रपटातील गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी पडद्यावरील पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते. मग ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि गिटार वाजवणाऱ्यांची नावे कोठून येणार? ज्या गोमंतकीयांनी या गाण्यांना शरीर दिले, ते लेबलावर कधीच आले नाहीत.

या पार्श्वभूमीवर १९५१ च्या 'अलबेला'चे एक वेगळेपण उठून दिसते. भगवानदादा दिग्दर्शक आणि नायक, गीता बाली नायिका, राजेंद्र कृष्ण यांची गीते आणि सी. रामचंद्रांचे संगीत. 'शोला जो भडके' या गाण्यात बोंगोच्या तालावर ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचा मेळ होता. पडद्यावर हवाई बेटांच्या थाटाचे कपडे ल्यालेल्या नर्तकी होत्या. आणि गाणारे होते लता मंगेशकर आणि चितळकर. याच चित्रपटातील एका गाण्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा ताफा झालरीचे सदरे घालून प्रत्यक्ष पडद्यावर वाजवताना दिसतो. लेबलावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांचे चेहरे तरी त्या चित्रफितीवर राहिले. वाझ १९६७ साली निवर्तले. आज त्यांना पाहायचे असेल तर 'अलबेला'च पाहावा लागतो.

त्याच 'अलबेला'मध्ये पिलूच्या वळणाची एक अंगाईही आहे. झोपेला डोळ्यांत हलकेच येण्याची विनवणी करणारी ती चाल लाखो मातांनी आपलीशी केली. एकाच चित्रपटासाठी, एकाच बैठकीत वाढलेल्या डोक्यातून स्विंग आणि अंगाई निघाली, ही गोष्ट रामचंद्रांच्या टीकाकारांनी आणि भक्तांनीही पुरेशा गांभीर्याने घेतली नाही.

त्यापूर्वी वर्षभर, १९५० च्या 'समाधी'मध्ये, त्यांनी एदमुंदो रोस यांच्या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेल्या एका लॅटिन अमेरिकी नृत्यगीताच्या आधारे 'गोरे गोरे' बांधले. ही उसनवारी उघड होती. परंतु ते गायले कोणी? लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी. तेव्हाच्या विजापूर जिल्ह्यातील बिळगी गावच्या अमीरबाई कन्नड आणि मराठी या दोन्ही मुलखांच्या रंगभूमीच्या हवेत वाढलेल्या. कॅरिबियन बेटांकडची चाल, हिंदी शब्द, एक मराठी आणि एक कन्नड गळा, गोमंतकीय वाद्ये. ऐकणाऱ्याला हे मिश्रण वाटले नाही. हिंदी गाणेच वाटले.

सर्वांना ते मानवले असे मात्र नव्हे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर मराठी, विद्वान आणि अभिजात संगीताचे कडवे अभिमानी. चित्रपटसंगीत, विशेषतः पाश्चात्त्य वळणाचे, देशाची अभिरुची बिघडवीत आहे असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्या धोरणामुळे अभिजात कलावंतांना व्यासपीठ मिळाले, हेही नमूद केले पाहिजे. परंतु श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथून बिनाका गीतमाला सुरू झाली आणि १९५७ साली आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. विनायकबुवांच्या शिष्याने रचलेली गाणी अभिजात संगीताच्या नावाने दूर ठेवली जावीत, यातील विसंगती डोळ्यांत भरणारी आहे. वाद दोन मराठी माणसांच्या संगीतनिष्ठांचा होता. एकाला संगीत जपायचे होते म्हणून तो दार लावीत होता. दुसऱ्याचे घर पक्के होते म्हणून तो दार उघडे ठेवीत होता.

आणि ते घर पक्के होतेच. १९५३ साली फिल्मिस्तानचा 'अनारकली' आला. भीमपलासीवर आधारलेले त्यातील लतादीदींचे गाणे आजही रागाची ओळख करून देताना उदाहरण म्हणून सांगितले जाते. व्ही. शांताराम यांच्या 'परछाईं' आणि 'नवरंग' या चित्रपटांतही त्यांचे देशी अंग पूर्ण फुललेले दिसते. 'नदिया के पार'मध्ये त्यांनी पुरबी बोलीचा गोडवा आणला होता. मदनमोहन यांच्यासारख्या पुढे कीर्ती पावलेल्या संगीतकाराने काही काळ त्यांचे साहाय्यक म्हणून काम केले, ही गोष्टही बोलकी आहे.

दक्षिणेने त्यांना प्रारंभी हात दिला होता. कीर्तीच्या शिखरावरही दक्षिणेशी त्यांचे नाते टिकले. जेमिनीचे एस. एस. वासन यांनी 'इन्सानियत' आणि 'पैगाम' त्यांच्याकडे सोपवले, एल. व्ही. प्रसाद यांच्या 'शारदा'चे संगीत त्यांचेच. कोइमतूरच्या पक्षिराजा स्टुडिओचे एस. एम. श्रीरामुलू नायडू यांनी आपल्या 'मलैक्कळ्ळन'ची हिंदी आवृत्ती 'आझाद' १९५५ साली काढली, तेव्हा त्यांना गाणी फार थोड्या दिवसांत हवी होती. घाईच्या कामाला नौशाद यांनी नकार दिला आणि रामचंद्रांनी ते थोड्याच दिवसांत पुरे केले, असे चित्रपटसृष्टीत सांगितले जाते. गाण्यांत मात्र घाईचा मागमूस नाही. हेच नायडू पुढे बंगळूरला आले आणि येथे त्यांनी चामुंडेश्वरी स्टुडिओ उभारला.

एम. व्ही. रामन यांच्या १९५७ सालच्या 'आशा'मधील 'ईना मीना डीका' या गाण्याचा जन्म तर मजेदार आहे. संगीताच्या खोलीबाहेर मुले खेळताना निरर्थक शब्दांची मोजणी म्हणत होती. ती ऐकून रामचंद्र आणि त्यांचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी तशीच शब्दमाला जुळवायला घेतली, आणि गोम्स यांनी तीत मला नको या अर्थाचे आपल्या कोकणीतील दोन शब्द घातले. किशोरकुमार यांच्या तोंडून साऱ्या हिंदुस्थानाने ते गाईले. एका गोमंतकीय वादकाची मातृभाषा अशी चोरपावलांनी देशाच्या ओठांवर बसली. लेबलावर नाव नसले तरी आवाज राहिला, तो असा.

उताराचे दिवसही आले. न्यू साई प्रॉडक्शन्स या नावाने त्यांनी 'झांझर', 'लहरें' आणि 'दुनिया गोल है' हे चित्रपट काढले. ते चालले नाहीत. लता मंगेशकर यांच्याशी मतभेद होऊन दोघांचे एकत्र काम थांबले. त्यांच्या गाण्यांचा आत्माच जणू त्या आवाजात होता; तो दुरावल्यावर त्यांच्या चालींचे तेज काहीसे मंदावले, हे त्यांचे चाहतेही मान्य करतील. नवे संगीतकार पुढे आले आणि ज्या पाश्चात्त्य वाद्यमेळाची पायवाट रामचंद्रांनी पाडली होती, तिचा त्यांनी राजमार्ग केला.

अशा काळात १९६२ चे चिनी आक्रमण झाले. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर हुतात्मा जवानांच्या स्मरणार्थ लतादीदींनी कवी प्रदीप यांचे 'ऐ मेरे वतन के लोगों' गायले, चाल सी. रामचंद्रांची. दुरावा बाजूला ठेवून दोघे त्या गाण्यासाठी एकत्र आले होते. पंतप्रधान नेहरूंचे डोळे त्या वेळी पाणावले. ते चित्रपटाचे गाणे नव्हते. त्यात ट्रंपेटचा झगमगाट नाही, नाचता ठेका नाही. शब्दांमागे शांतपणे चालणारी एक साधी चाल आहे. अभिरुची बिघडवल्याचा आरोप ज्याच्यावर झाला, त्याच्याच चालीवर राष्ट्राने आपले दुःख व्यक्त केले.

अखेरच्या पर्वात ते मराठीकडे वळले. 'धनंजय' आणि 'घरकुल' हे मराठी चित्रपट त्यांनी केले. १९७० सालच्या 'घरकुल'मध्ये जुने सारे रामचंद्र पुन्हा एकवटलेले दिसतात. सुरेश भटांच्या शब्दांना आशा भोसले यांच्या स्वरात दिलेली 'मलमली तारुण्य माझे' ही चाल एकीकडे. अँडी विल्यम्स यांनी १९५८ मध्ये गायलेल्या इंग्रजी गाण्यावरून उचललेले 'नंबर फिफ्टी-फोर' दुसरीकडे. आणि मराठी घराघरांत मुलांनी आईबाबांना गाऊन दाखवलेले 'पप्पा सांगा कुणाचे' या दोहोंच्या मधे. ग. दि. माडगूळकरांच्या 'गीतगोपाल'लाही त्यांनी स्वरसाज चढवला. 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले, आणि मनात असलेले पुष्कळसे मोकळेपणाने सांगून टाकले. ५ जानेवारी १९८२ रोजी, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, मुंबईत त्यांचे निधन झाले.

आरंभी उल्लेखिलेले कोडे आता पुन्हा पाहावे. दोन्ही शिक्के खरे होते, पण दोन्ही अपुरे होते. रामचंद्रांनी बाहेरून पुष्कळ घेतले. काही वेळा चाल जशीच्या तशी घेतली, आणि ते झाकण्यासारखे नाही. मात्र घेतलेले त्यांनी ज्यांच्या हाती दिले ते वादक आणि गायक येथल्या मातीतले होते. टेक्सासमधील फिडलवाल्यांनी स्विंगला आपल्या गावच्या नाचात बसवले. पुणतांब्याच्या चितळकरांनी त्याला लावणीच्या ठसक्यात आणि सोंगाड्याच्या मिस्किलीत बसवले. त्यांच्यापाशी विनायकबुवांचा स्वर होता म्हणून परक्या तालात पाऊल घसरण्याची भीती त्यांना वाटली नाही.

आपल्यासारख्या दोन भाषांत रोजचे व्यवहार करणाऱ्या मंडळींना हा माणूस जवळचा वाटावा, यात नवल नाही. यंदाच्या उत्सवात कोणी 'अलबेला'चे गाणे धरील, तेव्हा पावले अवश्य टाकावीत. पण ट्रंपेट वाजू लागेल त्या क्षणी आल्दोनाच्या वाझ यांचे नावही मनात घ्यावे. तबकडीवर ते नव्हते. या स्मरणिकेच्या पानावर तरी असू द्या.